लीथल कंपनी: पाठ न होणाऱ्या नकाशात काही महिने

ठरलेल्या मित्रांच्या गटासोबत हा गेम गेले कित्येक महिने खेळतोय. पहिल्या आठवड्यात मत द्यायचं असतं तर सोपं होतं, तेव्हा सगळ्याचीच भीती वाटते. इतक्या काळानंतर भीती उरते का, आणि उरली तर कशाची, हे सांगायचंय. माझं उत्तर आधीच देतो. मॉन्स्टरची भीती बरीच ओसरते, कारण त्यांच्या सवयी कळतात. परतीची वाट हरवण्याची भीती मात्र अजून तशीच आहे, आणि याच कारणासाठी मी हा गेम सोडलेला नाही.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झीकर्स या डेव्हलपरचा हा गेम 23 ऑक्टोबर 2023 रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या आधीच, आला. जास्तीत जास्त चार जण खेळू शकतात. तुम्ही एका कंपनीचे कामगार. ओसाड मूनवर (चंद्रावर) जहाज उतरवायचं, तिथल्या सोडून दिलेल्या इमारतीत शिरायचं, मिळेल ते स्क्रॅप (भंगार) उचलून आणायचं आणि तीन दिवसांत कोटा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या किमतीचं स्क्रॅप, भरायचा. पहिला कोटा 130 चा, पुढचे वाढत जातात. सकाळी 8 वाजता उतरायचं आणि मध्यरात्री जहाज निघतं, कुणी आत अडकलेलं असलं तरी. चौघेही मेले तर जहाजात साठवलेलं स्क्रॅपसुद्धा गेलं. म्हणजे आत जाणं हे अर्धंच काम, बाहेर येणं हे उरलेलं अर्धं. आणि हे दुसरं अर्धं जास्त अवघड आहे.

एक्सपेरिमेंटेशन असो, वॉव असो की मार्च, कुठल्याही मूनचा बाहेरचा भाग कायम तोच असतो. मेन दार कुठे, फायर एक्झिट कुठे, हे दोन-चार खेपांत डोक्यात बसतं. दार उघडलं की मात्र ओळखीचं सगळं संपतं. कालची डावीकडची पायवाट आज नाही, काल जिथे जिना होता तिथे आज कोरी भिंत. बाहेरून फायर एक्झिटची जागा पक्की असली तरी आतून ते कुठे निघेल याचा नेम नाही. सुरुवातीला इमारतींचे दोन प्रकार होते, फॅक्टरी आणि मॅन्शन. 2024 च्या अपडेटमध्ये माइनशाफ्ट ही खाण आली. तिन्ही प्रकार रोज नव्याने जुळवले जातात.

हे नेमकं कसं घडतं ते समजून घेतलं आणि माझं खेळणंच बदललं, म्हणून इथे जरा थांबतो. खोल्या हाताने बनवलेल्या आहेत. यादृच्छिक आहे ती त्यांची जोडणी. एक मुख्य रस्ता आखला जातो, त्याला फांद्या फुटतात, आणि बऱ्याच फांद्या पुढे जाऊन बंद होतात. ज्याच्या कॉम्प्युटरवर खेळ सुरू केलाय (होस्ट) त्याच्याकडून बाकीच्यांना अख्खा नकाशा जात नाही, फक्त एक आकडा जातो, सीड. त्या आकड्यावरून प्रत्येकाचा कॉम्प्युटर तीच इमारत स्वतः उभी करतो, म्हणून चौघांना तीच भिंत त्याच जागी दिसते.

याचा उपयोग असा: इमारत पाठ करता येत नसली तरी तिची रचना वाचता येते. मुख्य रस्त्यावर आहोत की फांदीवर, हे थोड्या सवयीने कळायला लागतं. सलग तीन खोल्यांना पुढे एकच दार असेल तर आपण फांदीच्या टोकाकडे चाललोय. तिथे मागून काही आलं तर पळायला जागा नाही, तेव्हा हाती आलेलं उचलायचं आणि निघायचं. अनेक दारं असलेली मोठी खोली लागली तर ती नीट लक्षात ठेवायची, कारण परत येताना घोटाळा तिथेच होतो.

आमच्या गटाचा पहिला नियम: खोलीत पाऊल टाकल्यावर लगेच मागे वळून आलो ते दार बघायचं. जाताना दिसलेली खोली आणि येताना दिसणारी खोली डोळ्यांना एकच वाटत नाही. मागे न बघता चार वळणं घेतली की चकवा लागतो, त्याच पाईपच्या खोलीत फिरून फिरून परत येतो आणि दर वेळी वाटतं की ही दुसरी. हा एक नियम नव्या खेळाडूला दिला तर त्याचं निम्मं हरवणं थांबतं.

उजव्या हाताची भिंत धरून चालायचा जुना उपाय इथे पुरत नाही. त्याने सुरुवातीच्या जागी परत येता येतं हे खरं. पण खोल्यांचं वर्तुळ तयार झालं असेल तर आतल्या बाजूच्या कित्येक खोल्या कधी लागतच नाहीत, आणि प्रत्येक फांदीच्या टोकापर्यंत जाऊन यायला दिवस पुरत नाही. त्यापेक्षा खूण करणं बरं. स्प्रे पेंट 50 क्रेडिटला (गेममधले पैसे) मिळतो आणि माझ्या मते नव्या गटांकडून सर्वांत दुर्लक्षित वस्तू हीच. बाण नेहमी बाहेरच्या दाराकडे काढायचा, आपण जातोय त्या दिशेने नाही. पळताना विचार करायला वेळ नसतो, तेव्हा दिसलेल्या प्रत्येक बाणाचा अर्थ एकच असला पाहिजे. काही जण खुणेसाठी स्वस्त स्क्रॅप वळणावर टाकून ठेवतात. तेही चालतं, पण आत होर्डिंग बग (वस्तू गोळा करणारा किडा) असेल तर तो ते उचलून आपल्या घरट्यात नेतो आणि तुमची खूण गायब.

जहाजावर थांबणाऱ्या माणसाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. चौघांपैकी एकाने आत न जाता मॉनिटरसमोर बसायचं, हे पहिल्यांदा ऐकताना कंटाळवाणं वाटतं. प्रत्यक्षात ते काम सर्वांत जबाबदारीचं आहे आणि मला सर्वांत आवडतं. रडारवर खोल्यांचा आराखडा दिसतो, स्क्रॅप दिसतं, मॉन्स्टरचे लाल ठिपके दिसतात. टर्मिनलवर (जहाजातला कॉम्प्युटर) दाराचा कोड टाइप केला की ते जाड दार उघडतं किंवा बंद होतं. तशाच कोडने टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) आणि सुरुंग थोडा वेळ निकामी करता येतात. माणूस बाहेर आणि मॉन्स्टर आत राहील अशा क्षणी दार बंद करता आलं, तर त्याचा आनंद आत धावणाऱ्यापेक्षा बसलेल्याला जास्त होतो.

पण वाट सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. बसलेल्याची डावी बाजू आणि चालणाऱ्याची डावी बाजू एक नसते. आम्ही ठरवून घेतलंय की आधी चालणाऱ्याने एक पाऊल पुढे टाकायचं, ठिपका कुठे सरकला ते बसलेल्याने बघायचं, मगच बोलायचं. बोलणंही तोकडं: "मागे फिर. सरळ. उजवीकडचं दुसरं दार. थांब." लांब वाक्याच्या मध्येच वॉकीटॉकी बंद झाला तर अर्धवट सूचना काहीच न मिळण्यापेक्षा वाईट.

आवाजाचं एक सांगतो. गेममध्ये जवळच्याचा आवाज जवळून येतो, लांबच्याचा विरत जातो, आणि या गेमची बरीचशी भीती त्यातच आहे. मित्र बोलता बोलता मधल्या शब्दावर तुटतो आणि पुढे काहीच नाही, याची सवय मला अजून झालेली नाही. वाट शोधताना मात्र हा आवाज फसवतो. भिंतीपलीकडून मित्र ऐकू आला म्हणून वाट तिकडून आहे असं नाही. तो तीन पावलांवर असेल आणि तिथे पोचायला अख्ख्या इमारतीला वळसा पडेल.

मॉन्स्टरची ओळख इथे सगळी देत नाही, शोधण्यातच मजा आहे. एवढंच सांगतो की त्यातले बरेचसे इमारतीच्या आकाराशी बांधलेले आहेत. थंपर सरळ रस्त्यावर भयंकर वेगात येतो पण वळणावर अडखळतो, म्हणून त्याच्यासमोर लांब कॉरिडॉर म्हणजे मरण आणि नागमोडी वाट म्हणजे जीवदान. कॉइल-हेडकडे कुणी बघत असेल तोवर तो जागचा हलत नाही. म्हणजे एकाने त्याच्यावर नजर ठेवून उलटं चालायचं आणि दुसऱ्याने पुढची वाट सांगायची. अनोळखी इमारतीत उलट्या पावलांनी चालणं काय असतं ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. ब्रॅकनकडे एकटक बघत राहिलं तर तो चिडतो, पण ओझरतं बघितलं तर मागे हटतो. त्याला हटायला वाट मोकळी ठेवा, बंद फांदीत कोंडू नका. आणि जेस्टरच्या पेटीची किल्ली वाजायला लागली की स्क्रॅप विसरायचं. झाकण उघडल्यावर सगळे जण बाहेर पडेपर्यंत तो थांबत नाही, आणि तेव्हा बाहेरचं दार किती खोल्या लांब आहे हाच एक प्रश्न उरतो.

फॅक्टरीत अ‍ॅपरेटस (इमारतीला वीज देणारं यंत्र) सापडलं तर ते काढण्याचा मोह होतो, किंमतही चांगली येते. ते काढलं की सगळे दिवे जातात. तोवर दिव्यांवरून लक्षात ठेवलेली वाट त्या क्षणी निरुपयोगी होते. आम्ही ते शेवटी, परतीच्या वाटेवर बाण काढून झाल्यावरच काढतो.

तीन प्रकारांपैकी मला फॅक्टरी अजूनही सर्वांत नीट जमते. पाईप, लोखंडी जिने, वाफ सोडणारे कोपरे, लक्षात ठेवायला काही ना काही मिळतं. मॅन्शन दिसायला सुंदर. पुस्तकांच्या कपाटांची खोली कधी चुकत नाही, पण मधले कॉरिडॉर इतके सारखे की तिथे स्प्रे पेंट दुप्पट लागतो. माइनशाफ्टबद्दल माझं मत मिश्र आहे. मेन दारातून आत गेल्यावर लिफ्टने खाली जावं लागतं, फायर एक्झिट खालच्या पातळीवर निघतं, आणि मागे काही लागलेलं असताना लिफ्टची वाट बघणं हे या गेममधलं सर्वांत लांब वाट बघणं आहे. ही कल्पना मला फार आवडली. गुहांचा भाग मात्र थकवतो. दगडासारखा दगड, ओळखायचं कशावरून?

इन्व्हर्स टेलिपोर्टर 425 क्रेडिटचा आहे. तो तुम्हाला इमारतीत कुठेही नेऊन टाकतो आणि हातातल्या वस्तू जहाजातच राहतात. टॉर्च नाही, वॉकीटॉकी नाही, मागचं दार कुठलं ते माहीत नाही. गटातल्या मुरलेल्या खेळाडूंनी हा जरूर वापरून बघावा. आतापर्यंत शिकलेलं सगळं, म्हणजे खोलीला दारं किती, ही फांदी की मुख्य रस्ता, दिवे कुठल्या बाजूला जास्त, हे तिथे एकदम कामाला येतं. जहाजावर रडार बघणारा असेल तरच, ही अट.

आता उणिवा. महिनोन्‌महिने खेळल्यावर खोल्या ओळखीच्या होतात. जोडणी नवी असते, तुकडे तेच. पहिल्या काही आठवड्यांतला तो "पुढे काय असेल" हा थरार कमी होतो, त्याची जागा "पुढे कुठे निघेल" हा विचार घेतो. मला तोही आवडतो, पण प्रत्येकाला आवडेल असं नाही. दुसरं, यादृच्छिकपणा नेहमी न्याय्य नसतो. कधी अरुंद वाटेवरच सुरुंग, पलीकडे कुलूपबंद दार आणि किल्ली दुसऱ्या टोकाला. अशा दिवशी लवकर बाहेर पडून फायर एक्झिटकडून शिरणं हाच शहाणपणा. तिसरं, टायटन या मूनवर जायला 700 क्रेडिट लागतात आणि आतली इमारत प्रचंड असते. नव्या गटाने तिथे घाई करू नये, अर्धी इमारत बघेपर्यंत संध्याकाळ होते आणि बाहेर आंधळे पण तीक्ष्ण कानांचे कुत्रे फिरायला लागतात.

एकट्याने खेळता येतो, पण मी सुचवणार नाही. रडारवर कुणी नाही, आवाज द्यायला कुणी नाही, आणि मेलात की दिवस संपला. साप्ताहिक चॅलेंज मून मात्र सगळ्यांनी खेळावा. त्या आठवड्यात जगभर सर्वांना एकच सीड मिळतो आणि लीडरबोर्डवर आपला आकडा दिसतो. तीच इमारत इतर गटांनी किती रिकामी केली हे बघून आपल्या फिरण्याची पद्धत सुधारते.

नवा गट सुरू करणार असाल तर सुरुवातीला हातात 60 क्रेडिट असतात. 12 चे दोन वॉकीटॉकी आणि 15 चे दोन साधे टॉर्च घ्या, 54 होतात. एक वॉकीटॉकी जहाजावर, एक आत. एक्सपेरिमेंटेशनला उतरा, पहिल्या दिवशी स्क्रॅप कमी आलं तरी चालेल, पण चौघांनीही आळीपाळीने मॉनिटरसमोर बसून बघा. स्प्रे पेंट पहिला कोटा भरल्यावर घ्या, मॉन्स्टरला मारायचं फावडं त्यानंतर.