जिल्हा आवृत्तीचे दैनिक: बाजारभावाला चोख, अपक्षाला अपुरे

मेहकर-लोणार पट्ट्यातल्या आमच्या गावात वर्षानुवर्षे घेतले जाणारे हे दैनिक सोयाबीन-तुरीचे भाव, पावसाची नोंद आणि पीकविम्याच्या बातम्या यांसाठी वर्गणीचे पुरेपूर मोल देते. निवडणूक लागली की मात्र याच दैनिकाच्या जिल्हा पानावर बातमी उमेदवाराच्या पक्षाकडे पाहून मोजली जाऊ लागते, आणि ही गंभीर उणीव आहे.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत बुलढाण्यात शिवसेनेचे प्रतापराव जाधव आणि ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर यांच्यासमोर शेतकरी नेते रविकांत तुपकर अपक्ष उभे होते. पानावर दोन मोठी छायाचित्रे, वर ‘थेट लढत’ असे शीर्षक, आणि तुपकरांचा उल्लेख बहुधा ते कोणाची मते खाणार एवढ्यापुरताच. कापूस-सोयाबीनच्या दराबद्दल ते सभेत काय बोलले, हे त्यात शोधूनही सापडत नसे. निकालात त्यांना अडीच लाखांच्या आसपास मते पडली आणि जाधवांच्या विजयाचे अंतर तीस हजारांच्या आत राहिले. इतक्या मतदारांचा कल ज्याला आधी दिसला नाही, त्या वार्तांकनाला जिल्ह्याचे वार्तांकन कसे म्हणावे? अपक्ष विदर्भाला नवखे नाहीत. अचलपुरातून बच्चू कडू 2004, 2009 आणि 2014 असे तीनदा अपक्ष म्हणूनच निवडून आले.

सर्वांत खटकतो तो वेळेचा प्रश्न. माघारीच्या दिवसापर्यंत कोण नाराज, कोणाची मनधरणी चालली, याने रकाने भरतात. मुदत संपली की अपक्ष पानावरून नाहीसे होतात. त्यांना चिन्ह मिळते ते त्यानंतरच, आणि गेल्या वेळी 8 एप्रिलची माघार व 26 एप्रिलचे मतदान यांमधल्या थोड्या दिवसांत ते चिन्ह वाडी-तांड्यापर्यंत पोचवायचे होते. आकाशवाणी-दूरदर्शनवरील मोफत प्रचारवेळ मान्यताप्राप्त पक्षांनाच मिळते, त्यामुळे अपक्षाचे म्हणणे मतदारापर्यंत नेण्याची जबाबदारी स्थानिक दैनिकावर अधिक येते. त्यातच प्रचाराचा मजकूर कधी बातमीच्याच अक्षरवळणात छापला जातो आणि ‘जाहिरात’ हा शब्द कोपऱ्यात बारीक असतो, हे वृत्तपत्र परिषदेच्या संकेतांना धरून नाही.

शेतीच्या पानासाठी मी वर्गणी चालूच ठेवणार आहे, पण निवडणुकीच्या माहितीसाठी या एकाच दैनिकावर विसंबू नये, असा माझा सल्ला आहे. संपादकांनी पुढच्या निवडणुकीत चिन्हवाटपाच्या दुसऱ्याच दिवशी सर्व उमेदवारांची नावे चिन्हांसह, सारख्या आकारात छापावीत आणि हमीभाव, सिंचन व पीकविमा यांवर प्रत्येकाचे म्हणणे एकदा तरी त्याच्याच शब्दांत द्यावे.