चित्रीकरणासाठी भाड्याने आणलेल्या बंदुका: एका दुकानाचा अनुभव

वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात तीन दिवस चाललेल्या आमच्या लघुपटाच्या चित्रीकरणासाठी आम्ही गोरेगावातील एका दुकानातून बंदुका भाड्याने आणल्या होत्या. सेवा बहुतांशी उत्तम होती. एक उणीव मात्र गंभीर होती, आणि ती मालकांना समक्ष सांगितलेली असल्यामुळे येथे दुकानाचे नाव देत नाही.

आमच्या यादीत दोन पिस्तुले आणि एक रिव्हॉल्व्हर होते. मालकांनी भाड्याचा आकडा सांगण्याआधी प्रसंगांचे कागद मागून घेतले आणि प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारला: गोळी सुटताना दिसायला हवी आहे का? सातपैकी सहा प्रसंगांत हत्यार नुसते कमरेला, हातात किंवा टेबलावर आहे असे निघाले, तेव्हा तेथे रबराची पिस्तुले पुरतील असे त्यांनी सुचवले. रबराच्या पिस्तुलाचे भाडे बरेच कमी असते, त्यामुळे हा सल्ला त्यांच्याच गल्ल्याला कात्री लावणारा होता. उरलेल्या एका प्रसंगासाठी त्यांनी समोरून नळी बंद असलेले, केवळ ब्लँक काडतुसांवर, म्हणजे दारू असलेल्या पण गोळी नसलेल्या काडतुसांवर, चालणारे पिस्तूल दिले. त्यातील धूर आणि ज्वाळा वरच्या छिद्रातून बाहेर पडतात. हे पिस्तूल दुकानाच्या माणसाशिवाय मिळत नाही आणि त्या माणसाचे पैसे शिफ्टप्रमाणे वेगळे द्यावे लागतात. आमच्या निर्मात्यांना तो खर्च जड वाटला होता. मला तो सगळ्या भाड्यातला सर्वांत योग्य खर्च वाटतो.

बरोबर आलेले दादा पेटीची किल्ली कोणाच्याही हाती देत नसत. शॉट लागल्यावरच पेटी उघडायची, पिस्तूल रिकामे असल्याचे सहायक दिग्दर्शकाला, नटाला आणि कॅमेरामनला एकेक करून दाखवायचे, मगच ब्लँक भरायचे, आणि ‘कट’ म्हणताच पिस्तूल परत स्वतःकडे घ्यायचे, हा क्रम त्यांनी तिन्ही दिवस मोडला नाही. दुसऱ्या दिवशी मी एक चूक करू पाहत होते. पात्र पिस्तूल स्वतःच्या कानशिलाला लावते, तो शॉट मला त्याच पिस्तुलाने हवा होता. दादांनी सरळ नकार दिला. “मॅडम, नळी बंद आहे हे खरं, पण वाफ वरून निघते आणि डोळा तिथेच असतो,” एवढेच ते म्हणाले. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्झम या अमेरिकन नटाने सेटवर ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावून चाप ओढला होता. त्यात गोळी नव्हती, तरी नुसत्या स्फोटाच्या धक्क्याने कवटी फुटून काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. तो शॉट आम्ही रबराच्या पिस्तुलाने घेतला आणि आवाज व ज्वाळा संकलनात घातल्या. पडद्यावर काहीही कमी वाटत नाही.

आता उणीव. रिव्हॉल्व्हर समोरून टिपले की चक्रातल्या गोळ्यांची टोके दिसतात, म्हणून त्यात डमी काडतुसे भरावी लागतात. डमीत दारू नसते. ती ओळखता यावी म्हणून तिच्या बाजूला छिद्र पाडतात किंवा आत छर्रा ठेवतात, जो हलवल्यावर वाजतो. या दुकानाच्या डमींना छिद्र नव्हते, त्या वाजतही नव्हत्या, आणि एका साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, काहीही न लिहिता, ब्लँकच्याच पेटीत ठेवलेल्या होत्या. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की आमच्याकडे खरे काडतूस येतच नाही. माझा आक्षेप नेमका या उत्तरालाच आहे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवरही खरे काडतूस असेल असे कोणी धरलेले नव्हते. ‘कोल्ड गन’, म्हणजे निर्धोक, म्हणून सांगितलेल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली. छायाचित्रकार हलिना हचिन्स मरण पावल्या आणि दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. डमींमध्ये मिसळलेली खरी काडतुसे नंतर तपासात सापडली. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या हॅना गुटिएरेझ-रीड यांना २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याआधी, १९९३ मध्ये, नीट न बनवलेल्या डमीचे टोक नळीत अडकले आणि पुढच्या ब्लँकने ते बाहेर फेकले, म्हणून ब्रँडन ली हा नट चित्रीकरणात गेला. आमच्या पिशवीतली प्रत्येक डमी निर्धोक असेलही, पण ते पाहून किंवा ऐकून ठरवण्याचा मार्ग माझ्यापाशी नव्हता. आम्ही रिव्हॉल्व्हर रिकामे ठेवले आणि बाजूने चित्रित केले.

परत करताना दादांनी झाडलेली टरफले आणि उरलेली ब्लँक मोजून वहीत लिहिली आणि माझी सही घेतली. डमींचा विषय मी मालकांकडे काढला, आणि त्यांनी वाद न घालता ऐकून घेतले. महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी गेले तेव्हा डमींना छिद्रे पाडलेली होती. पेटी मात्र अजून तीच होती. ती वेगळी होईपर्यंत येथून रबराची पिस्तुले आणि ब्लँकचे पिस्तूल अवश्य घ्यावे, दादांना बरोबर घ्यावे, आणि डमी घेऊ नयेत.