पायाचं काळं मशीन गोधडीला कितपत चालतं?

निकाल आधीच सांगून टाकू. जुन्या लुगड्यांची किंवा धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवायची असेल, तर सिंगरचं १५ क्लासचं पायाचं मशीन किंवा त्याच घाटाचं आपल्याकडचं काळं उषा डोळे झाकून घ्या. आत पॉलिस्टरचा फुगीर थर घालून डबलबेडची रजई करायची असेल तर मात्र याच्या वाटेला जाऊ नका. या दोन वाक्यांमधलं अंतर नेमकं कुठून येतं, ते मोजूनच दाखवता येतं.

या मशीनमध्ये सुईपासून खांबापर्यंतची जागा आठ इंचांहून कमीच असते आणि आतली उंची पाचेक इंच. एकेरी गोधडी ६० बाय ९० इंचांची धरली, तर अगदी मधली टीप मारताना ३० इंच रुंदीचं कापड गुंडाळून या खिडकीत बसवावं लागतं. साडीचे पाच पदर एकावर एक ठेवून दाबले की जाडी होते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. त्याची ३० इंचांची घट्ट गुंडाळी पावणेदोन इंचांच्या आत राहते, म्हणजे हात घालून कापड सरकवायला भरपूर वाव. तेच फुगीर थर घातलेलं कापड दाबूनही १० मिलिमीटर भरलं, तर गुंडाळी चार इंचांवर जाते. डबलबेडच्या मापाला तर पावणेपाच. मग कापड खांबाला घासतं, दात्यांना (सुईखालून कापड सरकवणाऱ्या दातेरी पट्टीला) ते ओढवत नाही, टाका आखूड होतो आणि शिवणारा मागून कापड खेचायला लागतो. सुया मोडतात त्या इथेच. दोष मशीनचा नसतो, पण सुई शेवटी आपल्याच पैशाची असते.

आता मशीनच्या पोटात पाहू. १५ क्लासमध्ये बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळी, उभी बसते आणि तिच्याभोवती वरचा दोरा फिरवणारं शटल पूर्ण फिरत नाही, अर्धा वळसा घेऊन परत येतं. सुई १५×१ जातीची, म्हणजे बाजारात एचए×१ म्हणून मिळते तीच. बॉबिनही तालुक्याच्या दुकानात सहज मिळते. जपानी कारखान्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर याच घाटाची मशीनं ढिगाने काढली. त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात आणि बहुतेक एकमेकांना चालतात. जुन्या मशीनच्या बाबतीत दिसण्यापेक्षा हा मुद्दा शंभर पट महत्त्वाचा आहे. सिंगरचं १२ क्लासचं फिडलच्या आकाराचं मशीन दिसायला कितीही देखणं असलं तरी त्याची गोल दांड्याची सुई आता दुर्मीळ झाली आहे. ते दिवाणखान्यात ठेवावं.

गोधडीचे तुकडे जोडताना पायाच्या मशीनची खरी किंमत कळते. एकेक टाका मोजून थांबता येतं, दोन्ही हात मोकळे राहतात आणि सरळ टीप अशी येते की नव्या झिगझॅग मशीनने मान खाली घालावी. सरळ टाक्याच्या मशीनमध्ये सुईखालच्या प्लेटला एवढंसं गोल भोक असतं. त्यामुळे तुकड्याचं टोक आत ओढलं जात नाही. झिगझॅग मशीनचं भोक लांबट असल्याने त्रिकोणी तुकड्यांची टोकं तिथेच गिळली जातात.

शिवण पाव इंचाची ठेवायची असेल तर फुटाच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेवर विसंबू नका. जुन्या फुटाची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही. सुई खाली आणा, पट्टीने पाव इंच मोजा आणि प्लेटवर कागदी चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावून धक्का तयार करा. पलंगावर, म्हणजे मशीनच्या सपाट भागावर, स्क्रूची भोकं असतील तर लोखंडी गाइड बसवा, ते जास्त पक्कं. एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटत असेल तर हिशेब करा. एका ओळीत २० तुकडे म्हणजे १९ शिवणी. प्रत्येक शिवण १ मिलिमीटर जास्त घेतली तर दोन्ही बाजूंचे मिळून २ मिलिमीटर जातात आणि ओळ ३८ मिलिमीटरने, म्हणजे दीड इंचाने आखूड होते. शेजारची ओळ बरोबर आली असेल तर दोन्ही जुळायच्याच नाहीत. तुकडे जोडायला टाका २ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला बारा-तेरा. सुई १४ नंबरची. जोड्या एकामागून एक सारत जा, मधला दोरा शेवटी कापा. पायाच्या मशीनवर ही लय फार छान बसते.

थर एकत्र शिवण्याचं काम वेगळं. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटर भरतं. त्यातून साडेसात फुटांचे तीन तुकडे निघून सव्वा मीटरच्या वर कापड उरतं. जरीचे काठ असतील तर काढून टाका, धातूची तार सुईचं टोक बोथट करते. विरलेला भाग आत घाला, धडका भाग वर. वरचं कापड नवं असेल तर ते आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात वरचा पदर आखडतो आणि आतली जुनी साडी फुगून बाहेर येते.

पदर जमिनीवर अंथरून ताठ करा, पण ताणू नका. मग वितीएवढ्या अंतरावर उभे-आडवे कच्चे टाचे घाला. हे टाचण टाळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या गोधड्यांच्या पाठीला सुरकुत्या पडलेल्या दिसतात. कारण साधं आहे. दाते खालच्या पदराला पुढे ओढतात, फूट वरच्या पदराला अडवतं. पाच पदरांत ही ओढाताण साठत जाते आणि शेवटच्या कडेला वरचं कापड अर्धा-एक इंच जास्त उरतं. टाचणाबरोबर आणखी दोन गोष्टी करा. फुटाच्या दांडीवरचा दाबाचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा आणि सगळ्या टिपा मधल्या रेषेपासून बाहेर, एकाच दिशेने मारा. एक टीप वर, पुढची खाली असं केलं की दोन टिपांमधलं कापड तिरकं वळतं. सुई १६ नंबरची घ्या, पदर सहा-सात झाले तर १८. टाका इंचाला आठ ते दहा.

टिपांमधलं अंतर किती, यावर आमचं मत ठाम आहे: अडीच-तीन इंच. हाताच्या धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर घालतात म्हणून मशीनच्याही तशाच घातल्या, तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. मशीनच्या टाक्यात वरून-खालून दोन दोरे एकमेकांत अडकून बसतात, धावदोऱ्यासारखी ढील त्यात नसते. सर्वांत चांगली निघते ती मिश्र गोधडी: तुकडे आणि कडेची पट्टी मशीनवर, मधलं भरण हाताने.

वरचा पदरही दात्यांबरोबर चालवणारं वॉकिंग फूट घ्यावं का? या मशीनला लो शँक, म्हणजे आखूड दांडीच्या, जोडणीचं बसतं. पण ही फुटं बहुधा झिगझॅग मशीनच्या रुंद दात्यांसाठी केलेली असतात. जुन्या सरळ टाक्याच्या मशीनचे दाते अरुंद. फुटाचे रबरी पाय दात्यांच्या बरोबर वर पडत नसतील तर वरचा पदर चालवला जातच नाही आणि प्लेट मात्र घासली जाते. घेण्याआधी फूट लावून, कापड न घालता, चाक हाताने फिरवून खालून पाहा. वेलबुट्टी काढायची असेल तर दाते खाली जायला हवेत. १५-८८ ते १५-९१ या मॉडेलांना त्यासाठी खाली स्क्रू असतो. त्याहून जुन्यांना तो नसतो. तिथे टाक्याची लांबी शून्यावर आणून दात्यांवर पातळ पत्र्याची झाकणी बसवतात. चालतं, पण पलंगावर उंचवटा राहतो आणि गोधडी त्याला अडकते.

बिघाडांपैकी पुष्कळसे सुई उलटी बसवल्याने होतात. १५-९१ मध्ये सुईची चपटी बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे. सिंगरच्याच ६६ क्लासमध्ये याच्या नेमकं उलट. इतर कुठलंही मशीन असो, सुईची लांब खाच जिकडे, तिकडूनच दोरा ओवायचा. खालून दोऱ्याचा गुंता येत असेल तर बॉबिनला शिव्या देऊ नका. दोष वरच्या दोऱ्याचा असतो. तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. ओवताना फूट वर, टेन्शन जुळवताना फूट खाली. बॉबिनचं टेन्शन तपासायला बॉबिन केस दोऱ्याने लोंबकळत धरा आणि हलका झटका द्या. केस दोन-तीन बोटं उतरून थांबली तर ठीक. सुरुवातीचे तीन टाके दोन्ही दोरे मागे धरून घाला. चाकाचा वरचा भाग नेहमी आपल्याकडेच फिरला पाहिजे. पाय चुकून उलटा पडला की दोरा शटलमध्ये अडकलाच म्हणून समजा.

तेल शिवणयंत्राचं पातळ, पांढरंच. खोबरेल तेल घालायची आपल्याकडे जुनी खोड आहे. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. नाशिकच्या थंडीत मशीन जड झालं की लोक पट्टा बदलत बसतात. असं आखडलेलं मशीन रॉकेलने सुटतं. सांध्यांवर थेंब सोडा, रात्रभर ठेवा, चाक मागेपुढे हलवा. मोकळं झालं की पुसून काढा आणि लगेच तेल घाला, कारण रॉकेल वंगण नव्हे. सोनेरी नक्षीवर मात्र स्पिरिट कधीच नको. वरचा लाखेचा थर विरघळतो आणि सोनं रुपेरी होतं. नक्षी पुसायला कापसावर मशीनचं तेलच पुरे.

चामडी पट्टा घसरत असेल तर त्यावर तेल उडालं आहे का ते आधी पाहा. सैल झाला असेल तर तारेची कडी काढून सेंटिमीटरभर कापा. एकदम इंचभर कापलात तर पायाखाली मशीन जड होतं.

मोटर लावून घेण्याचा सल्ला दुकानदार हमखास देतात. गोधडीसाठी तो ऐकू नका. छोट्या मोटरला कमी वेगात जोर नसतो आणि पाच पदरांची शिवण ओलांडायला नेमका कमी वेगातलाच जोर लागतो. हाताच्या चाकाचं मशीनही नको. एक हात दांडीवर गेला की गुंडाळी सांभाळायला उरलेला एक पुरत नाही.

इतर पर्याय थोडक्यात. सिंगरचं २०१ के सरस आहे. त्याचं शटल पूर्ण फिरतं, आवाज कमी, टाका सुरेख, पण पट्ट्यावर चालणारं मिळालं तरच घ्या आणि बॉबिन ६६ क्लासची लागते हे विसरू नका. १९३३ मध्ये आलेलं सिंगरचंच २२१ फेदरवेट अमेरिकेतल्या रजई शिवणाऱ्यांचं लाडकं. अॅल्युमिनियमचं, पाच किलोचं, तुकडे जोडायला नंबर एक. पण खिडकी लहान, आणि अमेरिकेतून आणलेलं मशीन ११० व्होल्टचं असतं. इथे थेट प्लगमध्ये घातलंत तर मोटर जळते.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मशीन बघायला जाताना आपलं रीळ, नवी सुई आणि गोधडीचे पाच पदर शिवलेला तुकडा बरोबर न्या. विकणारा नेहमी मलमलीचा एक पदर शिवून दाखवतो. सुईची दांडी धरून डावी-उजवीकडे हलवा. झोल जाणवला तर सोडून द्या. शटलच्या टोकावर गंज किंवा ओरखडा असेल तर दोरा तुटत राहणार, पण शटल बदलता येतं. त्याचे पैसे किमतीतून कापून घ्या. बॉबिन केस आहे ना, सरकती प्लेट आहे ना, बॉबिन भरायच्या चकतीचं रबर आहे ना, हे बघा. चाकामधला मोठा स्क्रू सैल केल्यावरही सुई चालत राहिली तर घाबरू नका, आतली तीन कानांची चकती कुणीतरी उलटी बसवलेली असते. डोकं एकाचं आणि लोखंडी स्टँड दुसऱ्याचा असला तरी हरकत नाही, फक्त बिजागऱ्यांचे दांडे मशीनच्या भोकांत पूर्ण जातात का आणि लाकडाला वाळवी नाही ना, ते टेबल उलटं करून तपासा.