लग्नाची डीव्हीडी: थेट लावायची की आधी इमेज काढायची?

ताईच्या लग्नाची डीव्हीडी २००७ सालची. लग्न दादरच्या हॉलमध्ये झालेलं, आणि स्टुडिओवाल्याने डिस्कवर नवरा-नवरीच्या फोटोचं गोल चकचकीत स्टिकर लावून दिलेलं. गेल्या पावसाळ्यात आईने ती कपाटातून काढायला लावली. मी लॅपटॉपला यूएसबीचा ड्राइव्ह जोडला, व्हीएलसी उघडलं आणि डिस्क सुरू झाली. सीमांतपूजन, मंगलाष्टकं, पंगत, सगळं सुरळीत चाललं. पाठवणी आली आणि चित्र थिजलं. "पुढे ढकल ना रे जरा," आई म्हणाली. पुढे ढकललं तर पाठवणी संपून शेवटची पाटी आली होती.

अशा डिस्क घरात असतील आणि कॉम्प्युटरवर नीट चालत नसतील, तर दोन वाटा आहेत. डिस्क ड्राइव्हमध्येच ठेवून, पुसून, प्लेअरची सेटिंग बदलून चालवून घ्यायची. नाहीतर आधी डिस्कची जशीच्या तशी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, हार्डडिस्कवर उतरवायची आणि मग ती फाइल बघायची. घरातल्या आणि नातेवाइकांच्या मिळून चाळीसेक डिस्कवर मी दोन्ही करून पाहिलं आहे. तुमच्या डिस्क वेगळ्या असतील, ड्राइव्ह वेगळा असेल, त्यामुळे माझाच अनुभव तुम्हाला येईल असं नाही. पण निवड करायची असेल तर हे माहीत असलेलं बरं.

थेट लावण्याची बाजू आधी सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. माणूस हलला की त्याच्या कडेला दातेरी रेघा दिसतात, ही डिस्कची खराबी नव्हे. तेव्हाचे लग्नाचे कॅमेरे इंटरलेस्ड चित्रण करायचे, म्हणजे आधी एकाआड एक ओळी आणि मग मधल्या ओळी टिपायचे. जुन्या टीव्हीवर ते गुळगुळीत दिसायचं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघा उमटतात. व्हीएलसीत डीइंटरलेस चालू केलं की जातात. मेनू उघडत नसेल पण डिस्क वाचली जात असेल, तर व्हिडिओ टीएस या फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली सरळ उघडा. एक फाइल जास्तीत जास्त १ जीबीची असते, म्हणून एखादा विधी मध्येच तुटून पुढच्या फाइलमध्ये जातो, तेवढं चालवून घ्यावं लागतं. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्यायचं, गोल फिरवायचं नाही. गोल ओरखडा पडला तर तो माहितीच्या रेषेच्या बाजूने लांबवर जातो, आणि एवढी सलग तूट भरून काढणं ड्राइव्हच्या त्रुटीसुधारणेला जमत नाही.

एवढं करून डिस्क शेवटपर्यंत चालली तर उत्तमच. पंधरा मिनिटांत काम झालं आणि घरातले सगळे सोफ्यावर बसले.

माझं मन फिरलं ते अडकणाऱ्या डिस्कमुळे. डीव्हीडी बघायला ड्राइव्हचा फार वेग लागतच नाही. १ एक्स, म्हणजे डीव्हीडी वाचण्याचा मूळ वेग, सेकंदाला साधारण १.३८ एमबी, आणि डीव्हीडीवरचा व्हिडिओ त्याहून जास्त मागत नाही. पण खराब जागा आली की ड्राइव्ह तीच जागा पुन्हा पुन्हा वाचू लागतो. कान देऊन ऐका: चढलेला घूंऽऽ आवाज खाली येतो, आतून दोनदा टकटक होते, परत आवाज चढतो. प्लेअरला मात्र पुढचं चित्र आत्ता, या क्षणाला हवं असतं. त्याच्याजवळचा साठा संपतो, चित्र थिजतं, आणि शेवटी तो भाग सोडून पुढे जातो. तोवर इजेक्टचं बटण दाबलं तरी ट्रे उघडत नाही. यात प्लेअरचा दोष मी मानत नाही. त्याला घड्याळाच्या काट्यावर चालायचं असतं आणि खराब डिस्कला सवड लागते.

एकदा, चौथ्या की पाचव्या खेपेला, ती जागा वाचली गेली. अण्णा दिसले. गाडीच्या दाराशी वाकून ताईच्या पिशवीचा सुटलेला बंद बांधत होते, आणि "पोचलीस की फोन कर" म्हणाले. अण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली. आई म्हणाली, "परत लाव." परत लावलं, आणि त्या संध्याकाळी ड्राइव्ह पुन्हा तिथवर पोचलाच नाही. डिस्कने एकदा दिलेलं आम्ही कुठेच साठवून ठेवलं नव्हतं. थेट लावण्यातली ही एक गोष्ट मला सहन झाली नाही. मी निवड केली ती त्याच दिवशी.

बरं, नेमकी पाठवणीच का अडकते, हेही नंतर उमगलं. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून कार्यक्रमाचा शेवट कडेला येतो. बोटं लागतात ती कडेला. मुंबईच्या दमट हवेत स्टिकरची कड सुटते तीही तिथेच, आणि मग डिस्क फिरताना थरथरते. सुटलेलं स्टिकर ओढून काढायचा मोह मात्र आवरा. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये तरी असतो. सीडीत तो वरच्या लेबलाच्या लगेच खाली असतो आणि स्टिकरबरोबर सोलून निघतो.

इमेज काढणाऱ्या प्रोग्रॅमला घाई नसते. विंडोजवर इमेजबर्न हा फुकट प्रोग्रॅम पुरतो, त्यात वाचता न येणारी जागा सोडून पुढे जायची सोय आहे. लिनक्सची सवय असेल, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करता येत असेल, तर डीडीरेस्क्यू वापरा, असं मी आग्रहाने सांगेन. तो आधी सोपं सोपं सगळं उचलतो, अडणाऱ्या जागा मागे ठेवतो आणि मग फक्त त्यांच्याकडे परत येतो. कुठलं मिळालं आणि कुठलं राहिलं याची नोंद तो एका छोट्या मॅपफाइलमध्ये ठेवतो. मधेच लाइट गेली तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू.

या मॅपफाइलची खरी किंमत दुसरा ड्राइव्ह आणल्यावर कळली. माझा पहिला ड्राइव्ह पातळ, यूएसबीच्याच विजेवर चालणारा. थरथरती डिस्क वेगात आली की तो धापा टाकायचा, कधी कनेक्शनच तुटायचं. लॅमिंग्टन रोडला जाऊन डेस्कटॉपमधला जाड, जुना, साटा जोडणीचा ड्राइव्ह घेतला आणि त्याला १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर असलेली यूएसबी केबल. डिस्क तीच, इमेज तीच, मॅपफाइल तीच, फक्त ड्राइव्ह बदलला. पहिल्याने सोडलेल्या जागांपैकी बऱ्याच जागा दुसऱ्याने रात्रभरात वाचून काढल्या. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं आणि दोघांची कमाई एकाच फाइलमध्ये जमा होते. थेट लावण्यात हे होऊच शकत नाही.

थोडं राहिलं तरी बिघडत नाही. डीव्हीडीवर त्रुटीसुधारणा ३२ केबीच्या ठोकळ्याने होते, म्हणजे गेला तर साधारण तेवढा तुकडा जातो. व्हिडिओत एक पूर्ण चित्र आणि मग नुसते बदल, अशी साठवण असल्यामुळे पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत, म्हणजे अर्धाएक सेकंद, हिरवट चौकोन दिसतात. फाइल मात्र अडकत नाही, पुढे चालत राहते. आईला ते चौकोन दिसलेही नाहीत.

इमेजचे तोटेही आहेत. चांगली डिस्क माझ्याकडे दहा-पंधरा मिनिटांत उतरते, खराब डिस्कला रात्र जाते, आणि पाहुणे आलेले असताना हे सुचायचं काम नाही. जागेची काळजी नको, एका थराच्या डिस्कला ४.७ जीबीच लागते. पण १९९९-२००० च्या आसपासच्या व्हीसीडी असतील तर सांभाळा. व्हीसीडीचा व्हिडिओ सीडीवर वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये असतो. साध्या डेटाचा सेक्टर २०४८ बाइटचा, व्हीसीडीच्या व्हिडिओचा २३२४ चा. म्हणून साधी आयएसओ, म्हणजे नेहमीच्या प्रकारची इमेज फाइल, काढली की एरर येते किंवा बिनकामाची फाइल मिळते. तिथे बिन-क्यू ही दोन फाइलींची जोडी काढावी लागते: बिनमध्ये कच्ची माहिती, क्यूमध्ये तिची मांडणी. इमेजबर्न तसं करू शकतो. व्हीसीडी नीट चालत असेल आणि तुम्हाला फक्त एकदाच बघायची असेल, तर तिथे मी थेट लावण्याच्या बाजूने झुकेन.

हँडीकॅमच्या ८ सेमीच्या छोट्या डिस्क कॉम्प्युटरला कोऱ्या दिसल्या तर या दोन्ही वाटा तूर्त बाजूला ठेवा. ती बहुधा फायनलाइझ न केलेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी बंद न केलेली, डिस्क असते. कॅमेरा चालू असेल तर त्यातच ती फायनलाइझ करून घ्या, आणि विंडोज फॉरमॅट करू का विचारेल तेव्हा नाही म्हणा.

फोटो स्टुडिओतून पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची तिसरी वाट मावशीने धरली होती. फाइल सुबक मिळाली, पण ती नव्याने दाबून लहान केलेली, आणि डिस्क जिथे अडत होती तिथला तुकडा न सांगता गाळलेला. चांगलं काम करणारेही असतील. द्यायची तर डिस्कचीच पूर्ण इमेज मागा, एमपी४ नंतर घरी करता येते.

ज्यांच्याकडे एखादीच डिस्क आहे आणि ती बरी चालते, त्यांनी एवढा खटाटोप करावा असं मी म्हणणार नाही. पण डिस्क एकदा जरी अडकली, तर माझ्या मते परत परत प्ले दाबू नये. ती बाहेर काढावी, पुसावी आणि पुढच्या वेळी आत घालावी ती इमेज काढण्यासाठीच.

ताईच्या लग्नाच्या डिस्कमध्ये आता चार ठोकळे वाचायचे राहिले आहेत, त्यातला एक अण्णांच्या वाक्याच्या जरा आधीचा. मुलुंडच्या मावसभावाकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यातला ड्राइव्ह अजून चालतो म्हणाला. येत्या रविवारी डिस्क, इमेज आणि मॅपफाइल घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.