फोटोतली डावरी बंदूक

पैसे बहुतेक परत मिळाले, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कोणी हळहळायला नको. जाहिरातीत पाहिलेल्या बंदुकीपायी साडेसहाशे पौंड गेले होते, बँकेने शंभर कापून साडेपाचशे परत दिले. जे परत आलं नाही आणि येणारही नाही, ते वेगळंच आहे, आणि हे लिहितोय ते त्याच्यासाठी. इंग्लंडात राहणारी आपली जी दोन-चार मंडळी क्ले शूटिंगच्या नादाला लागली असतील किंवा पुढे लागतील, त्यांनी सवडीने वाचावं.

आम्ही कोल्हापूरकडचे. नेमबाजी म्हटलं की आमच्याकडे राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसहून ब्राँझ घेऊन आलेला स्वप्नील कुसाळे. म्हणजे सगळं पिस्तूल आणि रायफलचं. छर्‍याची बंदूक, म्हणजे शॉटगन, मी पहिल्यांदा हातात धरली ती मिडलंड्समध्ये, ऑफिसातल्या एकाने रविवारी क्लबवर नेलं तेव्हा. आपण ‘पुल’ म्हणून ओरडायचं, की यंत्रातून ११० मिलिमीटर व्यासाची नारिंगी चकती सुटते, आणि बार बसला तर हवेत तिची काळी भुकटी होते. त्या दिवशी पंचविसातल्या चार फुटल्या आणि मी कामातून गेलो. पुढे पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट काढलं, घरी लोखंडी कपाट भिंतीला ठोकलं, एक जुनी दुनळी घेतली.

अडचण दोन ठिकाणी होती. एक, माझा डावा खांदा वर्षभर आखडला होता आणि दुनळीचा धक्का सोसवत नव्हता. दोन, मी डावरा. गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक घे, धक्का बराच कमी लागतो, असं क्लबवर सगळे सांगायचे. पण बहुतेक सेमी-ऑटो उजव्यांसाठी असतात. रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे डावर्‍याच्या थेट नाकासमोरून. एकदा एकाची चालवून पाहिली होती. तिसर्‍या बाराला गरम कचरा चष्म्यावर आला. डाव्या हातासाठी बनवलेल्या असतात, पण जुन्या बाजारात क्वचित दिसतात आणि नवी घ्यायची तर दीड-दोन हजार पौंडांची गोष्ट.

म्हणून ती जाहिरात दिसल्यावर मी काय केलं असेल, सांगायला नकोच. इटालियन, बारा बोअर, २८ इंची नळी, डाव्या हाताची, ६५० पौंड. फोटोत पुंगळी बाहेर पडायची खिडकी आणि बोल्टची मूठ, दोन्ही स्पष्ट डाव्या बाजूला. अंगावरची अक्षरं आणि नंबर पुसट केले होते. ‘सुरक्षेसाठी झाकले आहेत’ असं विक्रेत्याने लिहिलं. ते मला शहाणपणाचंच वाटलं.

क्लबवर एक जुने सदस्य आहेत, सत्तरी ओलांडलेले, तोंडाने फटकळ. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "सेक्शन वन की टू?" म्हणजे वेगळं फायरआर्म सर्टिफिकेट लागणारी, की माझ्या शॉटगन सर्टिफिकेटवर चालणारी. मी विक्रेत्याला विचारलं. त्याचं उत्तर आलं, ‘मॅगझिनमध्ये चार बसतात, पण आत लाकडी प्लग आहे, त्यामुळे चेंबर धरून तीनच होतात.’ माझ्या सर्टिफिकेटवर मॅगझिनमध्ये दोन आणि चेंबरमध्ये एक, एवढीच चालतात. मला तीन हा आकडा हवा होता, तो मिळाला. म्हातारबांना मी ‘तीनच आहेत’ एवढंच सांगितलं. प्लगचं सांगितलं असतं तर तिथेच कान उपटले गेले असते.

आता खरी गोष्ट. विक्रेता म्हणाला, मी स्कॉटलंडला असतो, एवढ्या लांब येऊ नका. मी बंदूक माझ्या डीलरकडे ठेवतो, तो तुमच्या गावच्या डीलरकडे पाठवेल, तिथून घ्या. डीलरकडून डीलरकडे बंदुका इथे रोज जातात, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. मग पुढचा मेसेज. ‘कायद्याने तुमचं सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय मला विकता येत नाही. दोन्ही बाजूंचा नीट फोटो पाठवा.’

यात अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच मी फसलो. विकणार्‍याने घेणार्‍याचं सर्टिफिकेट बघायचं असतं, हे खरं. पण ते हातात घेऊन. दोन खाजगी माणसांमध्ये शॉटगन द्यायची तर समोरासमोर द्यावी लागते, विकणारा घेणार्‍याच्या सर्टिफिकेटवर स्वतःच्या हाताने बंदुकीचा तपशील लिहितो आणि दोघांनीही आपापल्या पोलिसांना सात दिवसांत कळवायचं. डीलरमार्फत व्यवहार असेल तर सर्टिफिकेट डीलर बघणार. स्कॉटलंडातल्या माणसाला माझ्या कागदाचा फोटो लागण्याचं काही कारणच नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. अर्ज करताना वाचलेलं होतं. तरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद सरळ केला, वर दिवा लावला आणि कोपरे दिसतील असे दोन फोटो काढून पाठवले. सावली पडली म्हणून एक परत काढला.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. दीडशे पौंड ठेव म्हणून दिले. पैसे भरताना बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं की खात्यावरचं नाव जुळत नाही. विक्रेता म्हणाला, खातं मुलीच्या नावावर आहे. ‘डीलर’चा मोबाइल नंबर त्यानेच दिला. मी फोन केला, पलीकडून एकाने अगदी दुकानदारी आवाजात ‘हो, डाव्या हाताची आली आहे’ असं सांगितलं. दुकानाचं नाव खरं होतं. दुकानाचा नंबर मी स्वतः शोधून फिरवला असता तर गोष्ट तिथे संपली असती. तो फोन मी केला, पण उरलेले पाचशे भरून आठ दिवस झाल्यावर. दुकानातली बाई म्हणाली, या आठवड्यात असं विचारणारे तुम्ही दुसरे.

हा फोन तरी का केला, तर त्या दिवशी वाहतुकीच्या विम्यासाठी आणखी एकशेवीस मागितले होते. मी चिडून बायकोला सगळं सांगत होतो. पैशांचा हिशेब तिने ऐकला न ऐकला. मधेच थांबवून म्हणाली, "अहो, त्या कागदावर आपल्या घराचा पत्ता आहे ना?"

आहे. नाव आहे, पत्ता आहे, आणि माझ्याकडे कोणती दुनळी आहे, तिचा नंबर काय, तेही आहे. म्हणजे कुठल्या घरात बंदूक आहे याची चिठ्ठीच मी अनोळखी चोराच्या हातात दिली होती, वर दिवा लावून.

त्या रात्री झोप लागेना म्हणून त्याच्या फोटोंकडे बघत बसलो. बंदुकीच्या मागे टेबलावर दोन-तीन काडतुसं पडली होती, त्यातलं एक आडवं, पितळी बूड कॅमेर्‍याकडे. ते मोठं केलं. बुडाच्या गोलाईवर बोअरचा आकडा ठोकलेला असतो, १२. तो होता, पण दोनाचं तोंड भलतीकडे होतं. दोन-तीनदा पाहिलं. मग फोनवरच फोटो उलटा केला, आरशात धरावा तसा. बारा सरळ झाले. आणि खिडकी गेली उजवीकडे.

डावरी बंदूक नव्हतीच कधी. कुणाच्या तरी साध्या उजव्या बंदुकीचा फोटो उचलून त्याने आडवा पलटवला होता, बहुधा फोटोवरून शोध घेतला तर मूळ जाहिरात सापडू नये म्हणून. पलटवल्याने ती डावरी दिसते हे त्याच्या आधी ध्यानात आलं असेल का, मला शंका आहे. मीच पहिल्या मेसेजमध्ये ‘डाव्या हाताचीच आहे ना?’ असं उत्साहाने विचारलं होतं. परत जाऊन जाहिरातीचा मी जपून ठेवलेला पहिला स्क्रीनशॉट पाहिला. त्यात ‘डाव्या हाताची’ हे शब्द नव्हते. ते नंतर आले. मला काय हवंय ते मीच त्याला सांगितलं.

दुसर्‍या दिवशी तीन फोन केले. बँकेला, पोलिसांच्या फसवणूक विभागाला आणि आमच्या पोलिस दलाच्या शस्त्र परवाना विभागाला. बँकेचं काम सोपं झालं, कारण ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे असा नियम आहे की फसवून करायला लावलेले ट्रान्सफर बँकांनी भरून द्यायचे, शंभर पौंडांपर्यंत रक्कम ग्राहकाने सोसायची. तेरा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. नाव जुळत नाही हा इशारा डावलला म्हणून त्यांनी मला बरंच उलटंसुलटं विचारलं, पण दिले. परवाना विभागाला फोन करायला मात्र माझे हात थरथरत होते. सर्टिफिकेटच काढून घेतील असं वाटलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे नोंद घेतली आणि कळवलंत हे बरं केलंत म्हणाल्या. घरी एक अधिकारी येऊन कपाट, कुलूप, दारं पाहून गेले. कोणाची अशी चूक झालीच, तर लपवू नका. चोरी झाल्यावर ते बाहेर येण्यापेक्षा हे बरं.

प्लगची गोष्ट मी शेवटी म्हातारबांना सांगितली. ते हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "बंदूक आली नाही हे तुझं नशीब." १९८७ साली इंग्लंडातल्या हंगरफर्ड गावात हत्याकांड झालं, त्यानंतर १९८८ चा कायदा आला. तेव्हापासून सेमी-ऑटो शॉटगनच्या मॅगझिनमध्ये दोनाहून जास्त काडतुसं बसत असतील तर ती साध्या शॉटगन सर्टिफिकेटवर ठेवताच येत नाही, वेगळं फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. मूळ मोठं मॅगझिन छोटं करून घेतलं असेल तर ते कायमचं बंद केलेलं हवं, आणि लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने (बंदुकांची अधिकृत चाचणी घेणारी संस्था) त्यावर खूण ठोकून तसा लेखी दाखला दिलेला हवा. लाकडाचा दांडका आत सरकवून चालत नाही. तो प्लग अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी घालतात. चोराने जाहिरातीचा मजकूरही तिकडूनच उचलला असणार. म्हणजे खरोखरच अशी बंदूक घरी आली असती तर मी बेकायदा हत्यार बाळगणारा ठरलो असतो, तेही पैसे मोजून.

पुढचे तीन महिने दुनळी घरात ठेवलीच नाही, एका डीलरकडे महिन्याच्या भाड्याने ठेवली. रात्री गल्लीत गाडी थांबली की बायको पडदा बाजूला करून बघायची. अजून बघते.

त्याच डीलरकडे गेल्या महिन्यात एक सेमी-ऑटो आली. डाव्या हाताची, या वेळी खरोखरच. किंमत माझ्या आवाक्याच्या जरा बाहेर. अजून घेतलेली नाही. पण त्याने ती माझ्या हातात दिली, नळीवरच्या प्रूफच्या खुणा भिंगाखाली दाखवल्या, आणि मी काही विचारायच्या आधीच सरावाची नकली काडतुसं काउंटरवर ठेवली. म्हणाला, तुम्हीच घालून बघा. एक गेलं. दुसरं गेलं. तिसरं मी अंगठ्याने चांगलं रेटून पाहिलं. अर्धं बाहेरच राहिलं.