डाविंची रिझॉल्व्ह: गुलाल, ढोल आणि तासागणिक बदलणारा उजेड

गणपतीच्या आधी डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर आलो आणि तेव्हापासून पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचं फुटेज, मग दिवाळी पहाटच्या मैफली, मग लग्नसराई असं सगळं त्याच्यावरच केलं. कामं वेगवेगळी, पण अडचण सगळीकडे एकच: दोन-तीन वेगळे कॅमेरे, त्यात मित्रांनी पाठवलेल्या फोनच्या क्लिप्स, आणि क्षणाक्षणाला बदलणारा उजेड. या अडचणीवर रिझॉल्व्हमध्ये उजेडाप्रमाणे क्लिप्सचे ग्रुप करून रंग एकत्र सुधारायची जी सोय आहे ती मला मनापासून आवडली. लोक थेट कलर पेजवर (रंग सुधारायच्या विभागात) उडी मारतात आणि ती सोय त्यांच्या हातून निसटते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. दा विंची हे नाव मूळचं कलर करेक्शनच्या लाखो डॉलरच्या यंत्रणांचं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी घेतली, २०१० मध्ये नुसतं सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला आणलं आणि पुढच्याच वर्षी मोफत आवृत्ती दिली. आवाजाचं फेअरलाइट, इफेक्ट्सचं फ्यूजन आणि झटपट कापाकापीचं कट पेज हे सगळं २०१७ ते २०१९ दरम्यान त्यात आलं. मुळात हे रंगाचं सॉफ्टवेअर आहे आणि एडिटिंग त्याच्याभोवती वाढलंय, हे वापरताना पावलोपावली जाणवतं.

सुरुवात मीडिया पेजवर. तिथलं क्लोन टूल कार्डावरचा डेटा चेकसमसकट कॉपी करतं, म्हणजे कॉपी शेवटच्या बाइटपर्यंत तशीच उतरली का हे कळतं. मिरवणुकीचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही, तेव्हा ही पायरी गाळू नका. रिझॉल्व्ह फाइल्स स्वतःकडे ओढून घेत नाही, फक्त त्यांचा पत्ता ठेवतं. प्रोजेक्टही फोल्डरमध्ये दिसत नाही, तो प्रोजेक्ट लायब्ररीत राहतो. म्हणून हार्ड डिस्कवरचे फोल्डर्स आधी पक्के करायचे, मगच इम्पोर्ट. आणि काम संपलं की प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून फुटेजच्याच डिस्कवर ठेवायचा. प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्ट बॅकअपवर टिक आहे ना, तेही पहिल्याच दिवशी बघून घ्या.

बिन्स, म्हणजे रिझॉल्व्हमधले क्लिप्सचे कप्पे, मी जागेप्रमाणे करतो: मंडई, बेलबाग चौक, लक्ष्मी रोड, अलका चौक. पण प्रत्येक क्लिपच्या मेटाडेटात (क्लिपसोबतच्या नोंदीत) कीवर्ड टाकतो तो उजेडाचा: ऊन, सावली, संध्याकाळ, एलईडी. त्या कीवर्डवरून क्लिप्स गोळा करणारे स्मार्ट बिन्स आपोआप भरतात. हे कंटाळवाणं काम आहे, पण याचा खरा उपयोग पुढे रंगाच्या वेळी होतो.

टाइमलाइनबद्दल सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्रेम रेट, सेकंदाला किती चित्रं ते. पहिली क्लिप आत आली की प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट बदलता येत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांखाली फ्लिकर (उजेडाची लुकलुक) टाळायला मी २५ फ्रेम आणि १/५० शटरवर शूट करतो आणि प्रोजेक्टही २५ चाच ठेवतो. फोनच्या क्लिप्स मात्र बहुतेक ३० च्या, त्यातही व्हेरिएबल, म्हणजे मध्येच बदलणाऱ्या, फ्रेम रेटच्या. गाणं-बोलण्यात थोडा फरक खपून जातो. ढोल-ताशात नाही खपत. टिपरू (काठी) ढोलाच्या पानावर पडताना दिसतं आणि ठोका मागून येतो, हे पथकातल्या पोराला लगेच कळतं. म्हणून फोनची प्रत्येक क्लिप आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटची करून घेतो आणि मगच आत आणतो. त्यानंतर आवाजाच्या वेव्हफॉर्मवरून मल्टिकॅम सिंक करायचं, म्हणजे सगळे कॅमेरे एका वेळेवर जुळवायचे. रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज आणि कॅमेऱ्याचा फाटलेला आवाज, दोन्हींमध्ये ताशाची तर्री ठळक असते, त्यामुळे जुळवणी छान होते.

टाइमलाइनची प्रत काढून ठेवायची सवय लावा. ‘पहिला कट’, ‘मंडळाला दाखवलेला’, ‘फायनल’ अशा वेगळ्या टाइमलाइन्स एकाच प्रोजेक्टमध्ये सुखाने नांदतात. “दादा, मागच्या वेळचं ध्वजपथक जास्त भारी होतं, तेच ठेव ना,” असं कुणी ना कुणी म्हणतंच.

आमच्या कॅमेऱ्याच्या १०-बिट एच.२६५ फाइल्स मशीनला जड जातात, म्हणून निम्म्या रेझोल्यूशनच्या डीएनएक्सएचआर प्रॉक्सी (हलक्या प्रती) करून कापाकापी करतो. रंगाला बसताना मात्र प्लेबॅक मेनूतून मूळ फाइल्सवर यायचं. प्रॉक्सी बघून नॉइज (चित्रातले दाणे) आणि बारीक तपशिलांचा अंदाज घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा, रंग. कलर पेजवर क्लिप्सचे ग्रुप करता येतात आणि अख्ख्या ग्रुपला एकच नोडरचना (नोड म्हणजे रंगदुरुस्तीची एक पायरी) लावता येते, क्लिपच्या स्वतःच्या ग्रेडच्या आधी एक आणि नंतर एक. अट अशी की एक क्लिप एकाच ग्रुपमध्ये बसते. मग ग्रुप कॅमेऱ्याप्रमाणे करायचे की उजेडाप्रमाणे? माझं स्पष्ट मत आहे: उजेडाप्रमाणे. कॅमेऱ्याकॅमेऱ्यातला फरक कलर मॅनेजमेंटवर सोपवा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये डाविंची वायआरजीबी कलर मॅनेज्ड निवडा, आउटपुट रेक.७०९ (साध्या पडद्यांचं रंगमानक) ठेवा आणि प्रत्येक क्लिपला तिचा इनपुट कलर स्पेस सांगा. सोनीच्या लॉग (मुद्दाम फिक्या, सपाट शूट केलेल्या) क्लिपला एस-गॅमट३.सिने/एस-लॉग३, साध्या फोनच्या क्लिपला रेक.७०९, आयफोनच्या एचडीआर क्लिपला रेक.२१०० एचएलजी. हे नीट झालं की सगळे कॅमेरे एकाच भाषेत बोलायला लागतात आणि ग्रुप फक्त उजेडासाठी मोकळे राहतात.

याचं महत्त्व मिरवणुकीत दिसतं. टिळक पुतळ्यापासून मानाचे गणपती निघतात तेव्हा ऊन चढत असतं. लक्ष्मी रोडवर इमारतींमुळे रस्ता अर्धा उन्हात, अर्धा निळसर सावलीत. अलका चौकात मोकळं आभाळ, आणि रात्री एलईडी भिंतींचा निळा-जांभळा मारा. क्लिपमागून क्लिप दुरुस्त करत बसलं तर दिवसाचा प्रवास पुसला जातो, सगळं एकाच सरासरी उजेडात येतं. ग्रुपने काम केलं की सकाळ सकाळसारखी राहते आणि तरी एका सकाळीतले सगळे कॅमेरे जुळतात. ‘ऊन’ आणि ‘सावली’चे स्मार्ट बिन्स इथे कामाला येतात. कलर पेजवर क्लिप्स स्मार्ट बिनप्रमाणे फिल्टर होतात, सगळ्या निवडल्या की ग्रुप तयार.

गुलालाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. गुरुजी तालमीच्या मिरवणुकीत गुलाल उधळला जातो तेव्हा परेडवर (तिन्ही रंगांच्या आलेखावर) लाल चॅनल वर जाऊन सपाट होतो आणि हिरवा तळाला बसतो. पडद्यावर गुलालाचा ढग दिसत नाही, गुलाबी डाग दिसतो. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कमी केलं तर डाग फिका होतो, पोत परत येत नाही. पोत असलाच तर निळ्या आणि हिरव्या चॅनलमध्ये शिल्लक असतो. म्हणून क्वालिफायरने (ठरावीक रंग निवडायच्या टूलने) फक्त गुलाल निवडायचा आणि त्या नोडवर आरजीबी मिक्सरमधून लालमध्ये थोडा निळा-हिरवा मिसळून मूळ लाल तेवढाच उतरवायचा. धुरळा परत दिसायला लागतो. त्यानंतर ह्यू (रंगछटा) व्हर्सेस सॅच्युरेशन कर्व्हवर हलका हात. फोनच्या ८-बिट क्लिपमध्ये तिन्ही चॅनल गेलेले असतील तर इलाज नाही, ती क्लिप लहान ठेवायची.

चेहऱ्यांसाठी व्हेक्टरस्कोपवरची (रंगछटा दाखवणाऱ्या गोल आलेखावरची) स्किन टोनची रेषा चालू ठेवा. गोरा, गव्हाळ, सावळा, सगळ्यांचा ह्यू साधारण त्याच रेषेच्या आसपास पडतो. फरक असतो तो ल्युमिनन्सचा (उजळपणाचा) आणि सॅच्युरेशनचा. त्यामुळे सावळ्या चेहऱ्याला ‘उठाव’ द्यायला गोरं करायची काहीही गरज नसते, आणि तसं करूही नये. पण गुलालाने माखलेला चेहरा ओढून त्या रेषेवर आणायचा नाही. तो तसाच असतो, तसाच हवा.

लग्नात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. “शालू हिरवा होता हो, इथे निळा का दिसतोय?” असं नवरीच्या आईने विचारलं, आणि त्यांचं बरोबर होतं. स्टेजवरच्या निळ्या एलईडीने हिरवा ह्यू सरकवला होता. ह्यू व्हर्सेस ह्यू कर्व्हवर तेवढाच पट्टा मागे आणला. रंग ठरवायला मी आता शालूचा दिवसाउजेडी काढलेला एक फोटो मागून घेतो आणि तो शेजारी ठेवून बघतो.

मराठी शीर्षकं मी इंकस्केपमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणतो. रफार, जोडाक्षरं आणि अक्षरांमधली जागा यांवर पूर्ण ताबा राहतो, आणि मंडळाचं नाव चुकीचं छापलं जाणं परवडत नाही.

मोफत आवृत्ती की स्टुडिओ? मोफतमध्ये ३८४० बाय २१६०, ६० फ्रेमपर्यंत काम होतं. वर सांगितलेलं कलर मॅनेजमेंट, ग्रुप, कर्व्ह, क्वालिफायर, मल्टिकॅम सगळं त्यात आहे. २९५ डॉलरच्या स्टुडिओचं लायसन्स एकदाच घ्यायचं, दोन मशीनवर चालतं. त्यातली माझ्या उपयोगाची गोष्ट म्हणजे टेम्पोरल नॉइज रिडक्शन, शेजारच्या फ्रेम्स बघून दाणे कमी करणारं. रात्रीच्या क्लिप्सला ते पहिल्या नोडवर लावतो, कारण आधी गेन वाढवला की नॉइजही वाढतो आणि मग चेहऱ्यांचा पोतही त्याच्याबरोबर घासला जातो. ग्राफिक्स कार्डला ते जड जातं, म्हणून त्या नोडला कॅशे करून (एकदा तयार करून साठवून) ठेवायचं. मैफली आणि दिवसाची लग्नंच करत असाल तर मोफत आवृत्तीवर निर्धास्त काम करा.