पातालपाणी–कलाकुंद: होळकरांच्या कर्जावरची घाटगाडी

मध्य प्रदेशात इंदूरजवळ पातालपाणी ते कलाकुंद या साडेनऊ किलोमीटरला ही गाडी जवळजवळ दोन तास लावते. कुठे पोहोचायचं म्हणून बसाल तर चिडाल. घाट बघायला बसाल तर तिकिटाचे पैसे वसूल. २५ डिसेंबर २०१८ ला ही वारसा गाडी सुरू झाली, रूळ मात्र १८७० च्या दशकातल्या आखणीवरचे.

चार बोगदे, वळणांमागून वळणं आणि ४० मीटरला १ मीटर असा चढ. ब्रॉडगेजची (रुळांमधलं अंतर १६७६ मिमी) अवजड गाडी इथे चढवणं जिकिरीचं, म्हणूनच खंडवा मार्गाच्या रुंदीकरणात या घाटाला वळसा घालून नवी आखणी केली. मीटरगेजला (१००० मिमी) तीव्र वळणं चालतात, डोंगर कमी फोडावा लागतो. जुन्या काळी कलाकुंदहून वर येताना गाडीच्या मागेही इंजिन लावत, त्याला बँकर म्हणतात. सगळा भार पुढच्याच इंजिनाने ओढला तर डब्यांच्या जोडावर ताण येतो, आणि जोड तुटला तर मागचे डबे उतारावर सुटतात.

मीटरगेज आला तो खर्चापायी. आधीच्या इंग्रज कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती, त्यामुळे काटकसरीची गरज कुणालाच नव्हती. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात स्वस्त गेज ठरला. त्याच सुमारास तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी १ कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के! लंडनच्या भागधारकाला पाच, इंदूरच्या महाराजांना साडेचार. असो.

या स्वस्ताईचा भुर्दंड खंडव्याला पडत असे. तिथे जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) ब्रॉडगेज, इकडे होळकर स्टेट रेल्वेची मीटरगेज. म्हणजे प्रत्येक पोतं एका वाघिणीतून (मालडब्यातून) उतरवून दुसरीत भरा. वेळ गेला, हमाली लागली, माल फाटला-गळला तो वेगळाच. गेज बदलण्याचा खटाटोप देशभर दीडशे वर्षांनीही संपलेला नाही, तो याच निर्णयामुळे.

आता गाडीविषयी. मोठ्या काचांचा वातानुकूलित डबा फोटोंसाठी ठीक, भाडं मात्र साध्या डब्याच्या कितीतरी पट. साध्या डब्याची खिडकी उघडते. बोगद्यातला इंजिनाचा घुमणारा आवाज आणि घाटातला गारवा तिथेच. आमची पसंती साध्यालाच. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळं काढावं लागतं. फक्त जाण्याचं काढून बसलात तर कलाकुंदला पंचाईत. गाडी हंगामी आहे, तेव्हा दिवस आणि वेळ आयआरसीटीसीवर पाहूनच निघा. पाऊस ओसरता ओसरता जावं, उन्हाळ्यात पातालपाणीचा धबधबा कोरडा असतो. महूपासून पातालपाणी जवळच आहे, पण इंदूरहून सकाळी लवकर निघालेलं बरं. कलाकुंदला कलाकंद पानाच्या द्रोणात मिळतो. तो तिथेच ताजा खावा, घरी नेईपर्यंत पाणी सुटतं.